कुटुंब क्रमांक एकोणीस

प्रबंध परीक्षकांकडे जाऊन महिना झाला होता. व्हायवाला दहा दिवस उरले होते आणि इब्तिसाम दुकानाच्या फळीवर बसून बापाला सारांश वाचून दाखवत होती.

आमच्याकडे इजिप्तमध्ये पीएच.डी.ची परीक्षा उघड्या दारानं होते. तीन परीक्षक मंचावर बसतात. काळा झगा घातलेला उमेदवार आपल्या प्रबंधाचा सारांश मोठ्यानं वाचतो, मग दोन-तीन तास त्याची साल काढली जाते आणि समोर बसलेलं गणगोत ते सगळं बघतं. निकाल लागला की बाया जीभ हलवून आनंदाची किलकारी देतात आणि केकचे डबे उघडतात. इब्तिसामची आई अतियात हिनं तर मिनीबससुद्धा ठरवून टाकली होती. पहिल्या रांगेत कुणी बसायचं, दुसऱ्या रांगेत कुणी, हेही तिच्या मनात पक्कं होतं.

बाप महरूस, हाताचे कसबी म्हणून उस्ता महरूस, अलेक्झांड्रियाच्या मुहर्रम बे मोहल्ल्यातले इस्त्रीवाले. चाळीस वर्षं एकाच गाळ्यात. शर्टांना विजेची इस्त्री, झग्यांना नि ओव्हरकोटांना पायानं ढकलायची जुनी, पंचवीस किलोची. पाणी मात्र ते अजून तोंडानंच मारत. पेल्यातून घोट भरायचा, गाल फुगवायचे आणि कापडावर असा फवारा सोडायचा की दव पडल्यासारखं वाटावं. लेकीनं दोनदा प्लास्टिकची पिचकारी आणून दिली. दोन्ही अतियातनं कुंड्यांना लावल्या. त्यामुळे काम चाललेलं असताना उस्तांचं तोंड भरलेलं असायचं. गिऱ्हाईक बोलत राही, ते मान हलवत. महरूसच्या कानात घातलं की ते इस्त्रीखाली गेलं, असं मोहल्ला म्हणे.

कानात घालायची गरजही नसे. कपडा न विचारता सांगतो. उलटवून शिवलेली कॉलर सांगते, खिशात विसरलेली दवाखान्याची चिठ्ठी सांगते, बाहीवरचा दुसऱ्याच अत्तराचा वास सांगतो. उस्ता चिठ्ठी पुन्हा त्याच खिशात ठेवत, वासावर वाफ मारत. अतियात घड्या घालताना गुणगुणायची:

घडीवर घडी, घडीत दडलं काय,
ज्याचं त्याला ठावं, इस्त्री बोलत नाय.

ह्या घड्यांमध्येच इब्तिसाम वाढली. शाळेत सगळ्यांत कडक इस्त्रीचा गणवेश तिचा असे, आणि तेवढ्यावरूनच मुली ओळखत की ही इस्त्रीवाल्याची. साहेबांच्या मुलींचे गणवेश थोडे चुरगळलेले असत. त्यांना चुरगळणं परवडत होतं. ही गोष्ट तिच्या मनात जी रुतली ती पुढं समाजशास्त्रापर्यंत घेऊन गेली. प्रबंधाचा विषय तिनं घेतला: पोशाख, प्रतिष्ठा आणि ओळख. तीन वर्षं ती बापाच्या गाळ्यात वही घेऊन बसली. कोणत्या घरातून काय येतं, किती दिवसांनी येतं, कसं येतं. बेचाळीस घरं. एकेचाळीस घरांची तिनं सही घेतली होती.

सारांश वाचता वाचता ती पाचव्या प्रकरणाला आली. उस्तांनी नुकताच घोट भरला होता, गाल फुगलेले होते.

“कुटुंब क्रमांक एकोणीस,” इब्तिसामनं वाचलं. “एका उच्चपदस्थाची विधवा. दर शनिवारी ह्या घरातून बारा माणसांच्या मेजाची चादर आणि बारा नॅपकिन इस्त्रीला येतात. गुरुवारी घरी मेजवानी असते असा परिसरात समज आहे. मात्र कापडावर एकही डाग नसतो आणि आधीच्या आठवड्याची घडी मोडलेली नसते...”

उस्तांनी पाणी गिळलं. लेकीनं जन्मात पहिल्यांदा बापाला ते पाणी गिळताना पाहिलं.

“पुढं वाचू नकोस,” ते म्हणाले.

एकोणीस क्रमांकाचं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या मदाम सफिनाज. नवरा न्यायाधीश होता, जाऊन चौदा वर्षं झाली. मदामचं कापड बाल्कनीतून दोरीच्या टोपलीतून खाली येई आणि टोपलीतूनच वर जाई. गुरुवारी त्यांच्याकडे जुनी मोठी मंडळी जेवायला असतात हे मोहल्ल्याला पाठ होतं. म्हणून तर किराणावाला त्यांना खुर्ची देई, पोस्टमन जिना चढे, आणि कुणाचं काही अडलं की लोक म्हणत, मदामच्या कानावर घाल, त्यांच्या टेबलाला कोण कोण बसतं. खुद्द इब्तिसामला नन्सच्या शाळेत जागा मिळाली ती मदामनी दिलेल्या एका चिठ्ठीवर.

एका कापडावर एक बाई आपली पत कशी उभी ठेवते, हे इब्तिसामनं वीस पानांत मांडलं होतं. ते हिणवण्यासाठी लिहिलं नव्हतं, तिला त्या पानांबद्दल मायाच होती. नाव बदललं होतं, मजला बदलला होता, न्यायाधीशाचा उच्चपदस्थ केला होता. पण लिहिताना तिनं वाचक तीनच धरले होते, मंचावरचे. मंचासमोर मिनीबस भरून कोण बसणार, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. बारा नॅपकिन म्हटल्यावर मुहर्रम बेमधलं शेंबडं पोरसुद्धा घर ओळखणार. आणि अतियातनं पहिल्या रांगेतली मधली खुर्ची मदाम सफिनाजना कबूल केली होती.

ती म्हणाली, मी जाऊन त्यांची परवानगी विचारते, बाकीच्यांची घेतली तशी.

“काय विचारशील?” उस्तांनी इस्त्री उभी केली. “विचारलंस की सांगितलंस. मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही, म्हणून ते कापड खाली येतं. चौदा वर्षं मी माझीच घडी मोडतो नि पुन्हा घालतो. लोक मला कपडे देतात, पोरी. घरातलं माणूस म्हणून नाही देत, भिंत म्हणून देतात.”

त्यानंतर दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. ताट वेगळं घेतलं नाही, दार आपटलं नाही. फक्त तिची वही फळीवरून उचलून आत कपाटात ठेवली.

तिसऱ्या दिवशी इब्तिसाम मार्गदर्शक डॉक्टर इग्लाल यांच्याकडे गेली. बाई कडक, पण विद्यार्थ्यासाठी भांडणाऱ्या. पाचवं प्रकरण वाचून त्यांनीच रात्रीचा फोन केला होता की बाकीचा प्रबंध कष्ट आहे, हे प्रकरण पीएच.डी. आहे. विभागात एकच जागा निघाली होती, आणि ती पहिल्या श्रेणीचा मान, शिवाय प्रबंध छापण्याची शिफारस मिळवणाऱ्यालाच जाणार होती. इब्तिसाम एकतीस वर्षांची होती. सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. सुट्ट्यांचा पगार नाही, खुर्ची दुसऱ्याची, खडू आपला.

तिनं सगळं सांगितलं. नाव सोडून.

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, की व्हायवा बंद दाराआड घेता येत नाही. सारांशातून गाळलंस तरी परीक्षक नेमकं तेच विचारणार, कारण विचारण्यासारखं तेच आहे. त्या विधवेला येऊ नका म्हण.

ते आईला मारून टाकण्यापेक्षा अवघड आहे, इब्तिसाम म्हणाली. त्यांनी कोटाला लावायची पिनसुद्धा काढून ठेवली आहे.

“मग?”

“शुद्धिपत्र जोडते. पान दोनशे बारा ते दोनशे एकतीस रद्द समजावे. कारण, संमती घेतलेली नाही.”

“संमती नाही असं आपल्या हातानं लिहिणार? त्यावर ते तुला सोलतील.”

“खरंच नाहीये ना.”

डॉक्टर इग्लाल यांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाल्या, “सही करते मी. पण ह्या सहीची किंमत तू भरायचीस. जागा गेली तर माझ्या दाराशी रडत यायचं नाही.” आणि सही करताना पुटपुटल्या, “इस्त्रीवाल्याच्या पोरी फार ताठ असतात.”

शुद्धिपत्राची गोष्ट इब्तिसामनं बापाला सांगितली. त्यांनी ऐकलं आणि वही कपाटातून काढून पुन्हा फळीवर ठेवली. एवढंच.

व्हायवाच्या दिवशी मंगळवार होता. मिनीबसमधून सतराजण उतरले. अतियातकडे केकचे सहा डबे आणि दोन पातेली जास्वंदीचं सरबत. उस्तांनी स्वतःचा सूट स्वतः इस्त्री केला होता आणि त्यात ते पाहुण्यासारखे अवघडून बसले होते. पहिल्या रांगेत मधोमध मदाम सफिनाज, करड्या कोटात, छातीला मोत्याची पिन, पाठ खुर्चीला न टेकवता.

इब्तिसामनं सारांश वाचला. चार प्रकरणं, मग थेट सहावं. आवाज बरा लागला. पहिल्या परीक्षक डॉक्टर इग्लालच. त्यांनी दोन सोपे प्रश्न विचारून वाट मोकळी केली. दुसऱ्यांनी संदर्भसूचीतल्या चुका अर्धा तास वाचल्या. तिसरे कैरोहून आलेले डॉक्टर रऊफ. जाडजूड, हसऱ्या डोळ्यांचे, आणि सभेला हसवायची सवय असलेले. त्यांच्या प्रतीत पिवळ्या चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या आणि सगळ्या एकाच जागी खोचलेल्या इब्तिसामला लांबून दिसत होत्या.

डॉक्टर रऊफ म्हणाले की शुद्धिपत्र मी वाचलं आणि रेल्वेत माझी झोप उडाली. “पाचव्या प्रकरणाशिवाय हा प्रबंध म्हणजे लसणाच्या फोडणीशिवायची मुलुखिया. पालाच पाला. तुमची आई अशी भाजी ताटात वाढेल का?”

सभा हसली. अतियातनं मान जोरात हलवली, की छे.

“बाई, असलं पान मी वीस वर्षांत वाचलं नाही. ह्या लोकांनाही ऐकू द्या.” त्यांनी पान उघडलं, बोट ठेवलं. “दर शनिवारी ह्या घरातून...”

“सर, ते पान रद्द आहे.”

“वाचलेलं कसं रद्द होतं?”

सभागृहात पंखे फिरत होते. उस्तांनी खाली मान घातली होती. मदाम सफिनाज सरळ समोर बघत होत्या, सभ्य माणूस दुसऱ्याच्या घरचं भांडण ऐकताना बघतं तशा.

“त्या घराला मी विचारलं नव्हतं,” इब्तिसाम म्हणाली. “चूक माझी आहे, त्या घराची नाही. माझे गुण कापा, सर. पान वाचू नका.”

“मग आता विचारा. त्यात काय मोठंसं?”

“काही घरांना विचारणं हेच सांगणं असतं.”

डॉक्टर रऊफ यांचं बोट पानावरच होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग समोरच्या रांगांकडे; सतरा माणसं, इस्त्रीचे कपडे, मांडीवर केकचे डबे. ते काय समजले कोण जाणे, पण त्यांच्या डोळ्यांतलं हसू उतरलं. पुस्तक त्यांनी मिटलं. उरलेला पाऊण तास मात्र त्यांनी तिला भाजून काढलं. सिद्धान्ताला पुरावा कुठाय, निष्कर्ष कशावर उभा आहे, पाचवं प्रकरण नाही तर सहावं कुठून आलं? ती जमेल तिथं उत्तर देत होती आणि जमेना तिथं “बरोबर आहे, सर” म्हणत होती. “बरोबर आहे” चौदा वेळा झालं. दुसऱ्या रांगेतल्या किराणावाल्या हाजी फुतूहनी मोजलं.

निकाल सांगितला: पदवी दिली जात आहे, दुसऱ्या श्रेणीचा मान, छपाईची शिफारस नाही. अतियातला श्रेणी कळली नाही. डॉक्टर झाली ना, एवढं तिनं शेजारणीला विचारून घेतलं आणि अशी किलकारी दिली की मागचा शिपाई दचकला.

केक वाटताना मदाम सफिनाज इब्तिसामच्या कपाळाला ओठ टेकवून म्हणाल्या, “त्यांनी किती वाकवायला पाहिलं, पण पाठ ताठ ठेवलीस. गुरुवारी ये म्हटलं असतं. पण गुरुवारी माझ्याकडे माणसं असतात. बुधवारी ये.”

विभागातली जागा महिन्याभरात दुसऱ्या एकाला मिळाली. त्याचा प्रबंध कारखान्यातल्या पाळ्यांवर होता आणि वाईट नव्हता. इब्तिसामला दमनहूरच्या एका संस्थेत काम मिळालं, पुन्हा तासिका तत्त्वावरच. तिला वाईट वाटलं का, असं कुणी विचारलं तर ती हो म्हणे. चार-पाच रात्री ती रडलीही. मग परीक्षेचे पेपर तपासायला आले.

मोहल्ल्यात मात्र भलतंच सुरू झालं. व्हायवाच्या दुसऱ्याच दिवशी निवृत्त मास्तर उस्ताज बहगत दुकानात आले, इकडं तिकडं बघून म्हणाले की उपकार झाले, डॉक्टरीण, ते शनिवारचं प्रकरण आमचंच होतं हे मी ओळखलं. मग एक नर्स आली. ती इब्तिसामचा हात दाबून गेली. मग शिंपी आला, मग बँकेतल्या कारकुनाची बायको. शेवटी हाजी फुतूह आले, पाव किलो पिस्ते काउंटरवर ठेवले आणि घसा खाकरून म्हणाले, “नाव झाकलंस, मुली. देव तुझं झाकून ठेवो.”

ते गेल्यावर उस्तांनी विचारलं, “ह्याचं घर होतं का गं तुझ्या वहीत?”

“नव्हतं, बाबा. आणि हे कपडे इस्त्रीला कुठं देतात?”

“तेच तर. ह्याचं काय असेल?” उस्ता विचारात पडले. मग हसायला लागले, इतके, की अतियात आतून विचारायला आली. पाचव्या प्रकरणानंतर बाप पहिल्यांदा लेकीसमोर हसला होता.

मदाम सफिनाज तेवढ्या विचारायला आल्या नाहीत. शनिवारी टोपली उतरली, सोमवारी चढली.

दमनहूरचं काम ठरल्यावर एका बुधवारी इब्तिसाम तीन मजले चढून गेली. जन्म ह्याच गल्लीत गेला, पण त्या दाराच्या आत ती कधी आली नव्हती. कुणीच आलं नव्हतं. मदामनी दार स्वतः उघडलं आणि तिला दिवाणखान्यात नेलं. खिडकीपाशी दोन खुर्च्या होत्या. न्यायाधीशांचा फोटो होता. बाकी खोली मोकळी. मधोमध फरशीचा एक लांबरुंद चौकोन उजळ दिसत होता, भोवतालची फरशी वर्षानुवर्षांच्या पावलांनी मळकटलेली. तिथं कधी काळी मोठं टेबल असणार. आता नव्हतं. केव्हा गेलं, कुठं गेलं, त्या फरशीवर काही लिहिलेलं नव्हतं.

खिडकीच्या कट्ट्यावर टोपली होती आणि तिच्यात सोमवारचं गाठोडं. सुतळीची गाठ बापाच्या हातची, तशीच. उघडलेलंसुद्धा नव्हतं.

इब्तिसामनं वीस पानं लिहिली होती. त्या पानांत एक बाई दर गुरुवारी एकटीच बाराजणांचं टेबल मांडते, नॅपकिन ठेवते आणि मग आवरून घेते. त्या पानांत टेबल होतं.

मदामनी चहा आणला. पेला हातात, बिस्किटांची बशी गुडघ्यावर. त्या शाळेबद्दल बोलल्या, नन्सबद्दल बोलल्या, दमनहूरच्या हवेला नावं ठेवली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “ज्या घराचं पान तू वाचू दिलं नाहीस, त्यांना कळलं का गं कधी?”

“नाही, मदाम.”

“बरं झालं. कळलं असतं तर बिचाऱ्यांना आभार मानावे लागले असते. बिस्कीट घे आणखी.”

तिनं घेतलं.

खाली उतरली तेव्हा अतियात दुकानाच्या उंबऱ्यात वाटाणे सोलत तिचीच वाट बघत होती. आख्ख्या मोहल्ल्यात वर जाऊन आलेली ही पहिलीच. पडदे कसले आहेत, झुंबर अजून आहे का, चहा चांदीच्या ट्रेमधून दिला का, असं एकामागून एक आलं. इब्तिसामनं काहीबाही सांगितलं.

“आणि टेबल? शिसवी असेल ना गं?”

उस्ता आत पाठमोरे होते. इस्त्री चालू होती.

“मोठं आहे,” इब्तिसाम म्हणाली. “बाराजण सहज बसतात.”

“वाटलंच मला,” अतियात म्हणाली आणि शेंगांचा ढीग तिच्याकडे सरकवला.